ताईच्या कार्डावरचा नकार

प्रिय ताई,

तू शिवलेला पांढरा ॲप्रन धुऊन धुऊन मऊ पडलाय. खिसा तू मुद्दाम खोल ठेवलास, पदवीधर बाईचं पेन हरवून कसं चालेल म्हणून. नववीत शाळा सोडून तू मशीनवर बसलीस म्हणून मी शिकले, याची तो ॲप्रन रोज आठवण करून देतो.

माझं काम तुला माहीत आहे. दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आतल्या खोलीत बसवायचं, पडदा ओढायचा, एचआयव्हीची तपासणी कशासाठी ते समजवायचं आणि तिची संमती विचारायची. कुणावर संशय म्हणून नाही, सगळ्यांनाच. आधी कळलं तर आईला औषधं सुरू होतात आणि बाळ बहुतेक वेळा लागणीतून वाचतं. दिवसभर माझी हीच टकळी. नर्सबाई मला पोपट म्हणतात.

परवा एक बाई कळा सुरू झाल्यावरच आली. आधी कुठेच तपासणी नव्हती. आमच्याकडे केली, तर लागण निघाली. ती ओरडली नाही, रडली नाही. माझा ॲप्रन धरून एवढंच म्हणाली, "मला आधी कुणी विचारलं का नाही?" बाळाला लगेच औषध दिलंय, पण त्याचं काय ते कळायला काही आठवडे जातील. तेव्हापासून मी जेवणाचा डबा तसाच परत नेते. आईला सांगितलंय, मला पित्त झालंय.

पित्त नाही, ताई. चौथ्या महिन्यात तू नाव नोंदवायला आलीस, मी पडदा ओढला आणि समोर तू. बाहेर बाकावर भावोजी माझी फिरकी घ्यायला टपलेले. प्रत्येकीला विचारायचे ते नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलचे प्रश्न तुझ्यासमोर माझ्या तोंडून फुटेनात. मी आईच्या गुडघ्यांचं बोलत बसले आणि तुझ्या कार्डावर 'तपासणीस नकार' लिहून टाकलं. तू नकार दिलाच नव्हतास. मी विचारलंच नव्हतं. आता तुला सातवा लागलाय. सगळं ठीकच असेल, असं मी रोज त्या बायकांना म्हणत नाही, मग तुला कसं म्हणू? सोमवारी ये. भावोजींनाही घेऊन ये. हवं तर माझ्याशी बोलू नकोस. पण आत बस, पडदा मीच ओढीन, आणि या वेळी विचारीन.

तुझीच धाकटी,
जिने बाकी सगळ्यांना विचारलं