‘युनिव्हर्सिटी तुह्यासाठी नाही’

सर,

गेल्या महिन्यात शेलूबाजारच्या आमच्या दुकानात बाबांनी हसत हसत एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायलाही उशीरच झाला म्हणायचा.

कारंज्याच्या कॉलेजात तुमच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत मी मागणी-पुरवठ्याचं उत्तर पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं होतं. तुम्ही भर वर्गात पेपर माझ्यापुढे टाकलात. “हे मले पाठ आहे. तुह्या बाजारात काय होते, ते सांग!” जीपमध्ये मी घरापर्यंत डोळे पुसत आले. मग रागारागानं लिहून काढलं, की वाशिमला सोयाबीनला भाव जास्त असूनही आमच्याकडची माणसं शेलूबाजारातच का विकतात. तुम्ही ते सगळ्या स्टाफरूमला वाचून दाखवलंत. त्याच प्रश्नाच्या जोरावर पुढे मला कॅनडाच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथल्या प्राध्यापिकेनं तर स्वतः उत्तर पाठवलं होतं, की हे काम इथे येऊन कर. दुसरा प्रवेश होता कॅनडातल्याच, व्यवसाय शिकवणाऱ्या एका कॉलेजात. गोदाम, मालाची आवक-जावक, विक्री. लवकर संपणारं, हाताला लगेच काम देणारं. आई वर्षभरापूर्वीच गेली होती. बाबा एवढंच म्हणाले, “मले काय समजते त्यातलं? सरांले विचार.” मला किती हलकं वाटलं होतं.

तुमचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. काकू शेंगदाणे भाजताहेत, मी ओट्याला टेकून उभी आहे आणि तुम्ही दोन्ही कागद हातात घेऊन बसला आहात. बराच वेळ तुम्ही वाचत राहता. मग माझ्याकडे न बघता म्हणता, “युनिव्हर्सिटी तुह्यासाठी नाही. तुह्यं डोकं व्यवहाराचं आहे, संशोधनाचं नाही. तिथं तू टिकणार नाहीस.” काकू वळून तुमच्याकडे बघतात. मी विचारते, “खरंच सर?” तुम्ही म्हणता, “मी खोटं काहून सांगीन?”

मी त्या प्राध्यापिकेला नकार कळवला. कॉलेज वाईट नव्हतं. तिथे शिकलेल्यावरच आज बाबांचं कृषी केंद्र चालवते, चांगलं चालवते. पण तिकडे असताना विद्यापीठाच्या पाट्या दिसल्या की मी मान खाली घालायचे. मला वाटायचं, सरांनी मला ओळखलंय, माझी धाव तेवढीच. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा परक्या गावात बसस्टॉपवर बसून मी रडले, सर.

आणि गेल्या महिन्यात मानोऱ्याचे एक पाहुणे मुलीला परदेशी पाठवायचं विचारायला आले, तर बाबा कौतुकानं सांगू लागले, “हिले बी मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं ना! मीच सरांले जाऊन भेटलो. सर म्हणे, पोरीचं डोकं लय चांगलं आहे, जाऊ द्या. मी म्हटलं, संशोधनात पडली की पोरगी वापस येत नाही. मी एकटा काय करू? तुमचं ऐकते पोरगी, तुमीच नाही म्हणा तिले.”

पाहुण्यांना मी रस्त्यापर्यंत सोडून आले. मग विचारलं, “बाबा, तुमी मलेच काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तू थांबली असती काय?”

बाबांवर मी चिडले, दोन दिवस बोलले नाही, मग बोलले. ते घाबरले होते, आणि ती भीती त्यांनी निदान तुमच्यापासून लपवली तरी नाही. पण तुम्ही? लय चांगलं डोकं आहे, हे तुम्हाला माहीत होतं. ते तुम्ही त्यांना सांगितलंत आणि मला बरोबर उलटं सांगितलंत. एका बापाची दया आली म्हणून माझा माझ्यावरचा विश्वास काढून त्याला देऊन टाकलात.

परवा कारंज्याला काकूंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, “तू कॅनडाले जायले निघालीस, त्या दिवशी हे स्टँडवर यायले निघाले होते. दारातूनच वापस आले. मले म्हणे, पोरीसमोर उभं राहवत नाही.” मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते सांगितलं असेल. मला आणखीच लागलं. म्हणजे तुम्हाला कळत होतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती बाबांनाही सांगितलेली नाही. त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हणाला असतात, की तुह्यात दम आहे पण तुह्या बाबाले एकटेपणाचं भेव वाटते, आता तूच ठरव. तर बहुतेक मी तेच कॉलेज निवडलं असतं.