साहेबाला खोली दाखवली इंग्लिशमधून

३ फेब्रुवारी, दुपारी
चाळ कमिटीच्या खोलीत बायकांचा इंग्लिश क्लास सुरू. टीचर आकांक्षा, माझ्या नातीएवढी. पुस्तक नाही, एबीसीडी नाही. म्हणाली, आजी, प्रोजेक्ट करून शिकायचं. पाहुणा बोलवा, त्याला आपली खोली इंग्लिशमधून दाखवा. मी चौथी पास. महिन्यात फाडफाड बोलणार.

७ फेब्रुवारी
चाळ पाडून टॉवर होणार, त्याचा तपासणीवाला साहेब जिन्यात भेटला. खोली मुलाच्या, विनीतच्या नावावर. तो राहतो बदलापूरला. पण इथेच राहतो असं लिहून दिलंय, नाहीतर नवी जागा मिळायची नाही. म्हणून त्याची जुनी पँट मी रोज गॅलरीत वाळत घालते. डोकं लागतं. विनीत फोनवर म्हणाला, आई, साहेबाशी जास्त बोलू नकोस. ह्याला माझा भरवसा होता कधी?

१२ फेब्रुवारी
शेजारची मालन पाहुणा म्हणून भाच्याला बोलावतेय. भायखळ्याला भाजी विकतो तो, त्याला कसलं डोंबलाचं इंग्लिश. मी थेट साहेबालाच आमंत्रण दिलं. खूश झाला तर वरचा मजला देईल. टीचर म्हणाली, आजी, खरं असेल तेच बोला, वाक्यं आपोआप सुचतात.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी
कुठे अडखळले नाही. धिस किचन. धिस गॉड. धिस माय सन पँट. साहेबाने इंग्लिशमधूनच विचारलं, सन कुठे? म्हटलं, सन बदलापूर. बिग फ्लॅट. लिफ्ट. हिअर आय अलोन. देन व्हाय पँट? तेही कळलं मला. म्हटलं, फॉर यू, साहेब.
सगळं फोनमध्ये रेकॉर्ड केलं त्याने, म्हणजे आवडलंच. चहा मात्र घेतला नाही. मालन दारात तोंडाला पदर लावून उभी. जळते मेली.

२३ फेब्रुवारी
साहेबाला गुड मॉर्निंग म्हटलं. खाली मान घालून गेला. लाजाळू असेल. सकाळी दार उघडलं तर दारावर लाल खडूची फुली. आख्ख्या मजल्यावर माझ्याच दारावर. वरच्या मजल्यासाठी निवडल्याची खूण असणार. पुसली नाही.

२ मार्च
विनीत आणि सून नम्रता आली. नम्रताने चप्पलसुद्धा काढली नाही. खोली रद्द का करू नये, ते सांगायला विनीतला सोमवारी ऑफिसात बोलावलंय. साहेब तो रेकॉर्ड लावणार आहे म्हणे.
मी म्हटलं, घाबरतोस काय, साहेब ओळखतो मला. मी येते, इंग्लिशमधून समजावते.
विनीत खाली बसला. म्हणाला, आई, तू आता मराठीतसुद्धा बोलू नकोस.