आई ४१२, बाप २८७

२ मार्च

ठरलं! आई ४१२, बाप २८७. आता कोणी डोकं आपटलं तरी बदलणार नाही.

दुपारभर बेकरीच्या मागच्या खोलीत भोपळ्याच्या बियांच्या पुड्या पसरून बसले होते. पाव उतरवून झाले होते, भट्टी निवत होती. जावईबापू कुणाच्या तरी घरचं वायरिंग अर्धवट टाकून आले. त्यांच्या २८७च्या बिया फ्यूजच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळलेल्या. स्वतःच्या लग्नातली अंगठी हरवली होती या माणसाने, बिया मात्र मोजून बारा!

माझा ४१२ म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा भोपळा. दिवसाला पंधरा किलोने फुगायचा, आणि वजनाच्या स्पर्धेला चार दिवस राहिले असताना देठाशी फुटला. असा आवाज झाला की पुढे दुकानात गिऱ्हाइकाच्या हातून बिस्किटं पडली. फुटलेलं फळ काट्यावर घेत नाहीत. वजन केलं ते माझ्या समाधानासाठी — ४१२ किलो! — मग बिया काढल्या आणि कुऱ्हाडीने त्याचा चेंदामेंदा केला. हे म्हणाले, “आता त्याला कशाला मारतेस?” गेल्या वर्षी त्याच बियांचं फळ पुन्हा फुटलं. माझ्या जातीला वाढ आहे, पण ती स्वतःलाच सोसत नाही. जावईबापूंचा २८७ हळू वाढतो, पण भिंत वीतभर जाड. ऊन लागो, पाऊस लागो, फुटायचं नाव नाही. दोघांचं लावलं तर काम फत्ते.

“आई, नारिंगी ३३० घेऊन बघू या का?” जावईबापूंनी विचारलं. दिसायला गोंडस, आतून पोकळ. मी म्हटलं, “जावईबापू, मला तो काट्यावर ठेवायचाय, शोकेसमध्ये नाही!” हसले.

चिठ्ठीवर आई आधी, मग फुली, मग बाप. यंदा धरेल ते फळ दिसायला आईसारखंच. बापाचा गुण दिसतो तो त्या फळाच्या बिया पुढच्या वर्षी लावल्यावर. हे सगळं मला जावईबापूंनीच समजावलं. शांत माणूस. माझ्या चिंगीने नशीब काढलं.

१० मार्च

४१२च्या चार बियांच्या कडा सँडपेपरने घासल्या, भिजवल्या, कुंड्या भट्टीच्या माथ्यावर ठेवल्या — तिथली ऊब अगदी नेमकी. ह्यांना ताकीद दिली, हात लावाल तर हात मोडीन. “मोडायचं अजून काही राहिलंय का?” म्हणाले. लेकीच्या लग्नानंतर तोंड फुटलंय ह्यांना!

२१ मार्च

चारही उगवल्या. एकच ठेवायची. दोन वाकड्या होत्या, कात्रीने उडवल्या. तिसरी चांगली होती. तीही उडवली. निवडायचं म्हणजे मारायचं. ज्याला जमत नाही त्याने कोथिंबीर लावावी.

१८ एप्रिल

घूस! वेलीच्या मुळाशी बीळ करत होती. दोन दिवस पाळतीवर होते. आज सकाळी बाहेर आली आणि फावड्याची धार मानेवर बसली. पहिल्याच घावात गेली असावी, पण मी थांबले नाही. माती लाल झाली, माझ्या पायजम्यावर शिंतोडे. चिंगी पाव न्यायला आली होती, दारात उभी राहून बघत होती. “आई, बास. मेली ती.” मग म्हणाली, “तुला थांबताच येत नाही ना?” मी म्हटलं, थांबले असते तर वेल गेली असती. ती वळली. पावही न घेता गेली.

४ मे

मैदेवाल्याने पुन्हा किडलेलं पोतं आणलं. वर मलाच अक्कल शिकवायला लागला! ट्रे भिरकावला. तो वाकला म्हणून वाचला, दाराची काच गेली. ह्यांनी मुकाट काच झाडून घेतली. ह्यांच्या भुवईवरची खूण अशा वेळी लालसर होते. बशीची आहे ती, चिंगी लहान असतानाची. मी काही नेम धरून मारली नव्हती. राग नाकावर असतो माझ्या, पण मनात काही ठेवत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.

वेल आठ हात गेली. पानं छत्रीएवढी.

२२ मे

चिंगी आली. डाव्या गालावर काळंनिळं. “दार लागलं.” एवढंच. नजर वर नाही.

दार! मी काय काल जन्मले?

जावयाच्या बापाला अख्खी गल्ली ओळखायची. ट्रक घेऊन आठवड्याने घरी यायचा आणि बायकोला बदडायचा. पट्ट्याने. बाईचं ओरडणं चौकापर्यंत ऐकू यायचं. खाण तशी माती. लग्नाच्या वेळी हे मला कसं सुचलं नाही? बियांचं सात पिढ्यांचं विचारते मी, आणि जावई घेताना नुसता हसरा चेहरा पाहिला!

२३ मे

हे म्हणतात, “आधी तिला नीट विचार.” विचारायचं काय? गाल बोलतोय की!

३१ मे

आला होता. आज मी ‘या’ म्हटलं नाही, ‘बसा’ म्हटलं नाही. त्याच्या २८७च्या वेलीवर नर फुलांच्या कळ्या आल्यात, आठवड्याभरात तयार होतील, हे सांगत होता. कॉलरच्या वर मानेला ओरबाडे, तीन लांब रेघा. विचारलं तर म्हणे वेलीचे काटे लागले. मी म्हटलं, “वेल गळ्यात घालून झोपता काय?” हसला नाही.

नंतर उमगलं. झटापटीत चिंगीने ओरबाडलं असणार. शाब्बास पोरी!

माझ्या वेलीवर मादी कळी धरली आहे. खाली लिंबाएवढं फळ. या रागात तिच्याकडे बघायलाही मन होत नव्हतं, तरी तीनदा बघून आले. फुली तर त्याच्याच वेलीशी करायची आहे. फुलाचं काम झालं की माणसाचं बघते.

६ जून

मादी कळी पिवळी पडली — उद्या पहाटे उमलणार! संध्याकाळी पाकळ्यांचं तोंड पावाच्या पुड्याच्या दोऱ्याने बांधलं. आत मधमाशी शिरली की कुणाचे पराग आले देव जाणे. त्याला फोन केला. “उद्या उजाडता नर फुलं हवीत.” “आणतो, आई.” आवाज बसलेला.

फोन ठेवून तासही झाला नाही तर चिंगी. पिशवीत दोन कपडे. खालचा ओठ फाटलेला, हनुवटीपर्यंत रक्त सुकलेलं. मैद्याच्या पोत्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. लहानपणानंतर तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

“त्याने मारलं?”

तिने पिशवी छातीशी धरली.

“बोल! त्याने मारलं?”

दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यापेक्षा मोठ्याने कसं सांगतात?

तिचे केस विंचरले, ओठाला बर्फ लावला. भेकड माणसा, माझ्या लेकीवर हात टाकतोस? बघतेच तुला.

७ जून

केलं. जसं घडलं तसं लिहून ठेवते.

उजाडायच्या आत भट्टी ह्यांच्यावर सोपवली, फावडं सायकलला बांधलं. त्याच्या घरामागच्या जमिनीत तो ओणवा होता. ओल्या फडक्यात चार नर फुलं — माझ्यासाठीच खुडत होता. मला बघून उठला. पहिलं वाक्य काय, तर “आई, चिंगी तुमच्याकडेच आहे ना? बरी आहे?”

कसली ही हिंमत! मी उत्तर दिलं नाही. फावडं उचललं आणि वेलीवर घातलं. पहिला घाव शेंड्यावर, मग फांद्या, मग पानं. देठांतलं पाणी तोंडावर उडत होतं. काटे हाताला लागत होते ते कळतही नव्हतं. तीन महिन्यांची वेल, सहा घावांत भुईसपाट. तो आडवा आला नाही. “आई, वेल नको. वेलीचं काय चुकलं?” एवढंच दोनदा म्हणाला.

बुंधा राहिला होता. फावडं वर नेलं तसा तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी बुंधा झाकला. मी हात आवरला नाही. आवरू शकले असते की नाही, कोण जाणे. निदान धार तरी वळवली, दांडा बसला. उजव्या मनगटावर. ओली काटकी मोडते तसा आवाज आला. मग आणखी एकदा मारलं. खांद्यावर.

ओरडला नाही. उलटून हात उचलला नाही. बायकोवर मर्दानगी दाखवणाऱ्याची सासूपुढे गाळण उडाली! पांढराफटक पडून मातीत बसून राहिला. निघताना बुंधाही तोडला.

परत आले तर माझं मादी फूल दोरा ताणून फुगलं होतं. उघडलं. बाप नाही; त्याने खुडलेली चार फुलंही माझ्याच पायांखाली चिरडली. २८७ची वेल आता जगात कुठे नाही — राहिलेल्या बिया त्याच्याच डबीत, आणि ती डबी मी मेले तरी मागणार नाही. माझ्याच वेलीचं नर फूल खुडून पराग चोळला. चिठ्ठी लिहिली: ४१२ × ४१२. फुटायचं तर फुटू दे.

चिंगीला सांगितलं, “पुन्हा तुझ्या वाटेला जाणार नाही तो.” ती माझ्या पायजम्यावरच्या हिरव्या डागांकडे बघत राहिली. “काय केलंस?” सांगितलं. खाली बसली आणि ओकली.

९ जून

हे हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. मनगटाची दोन हाडं मोडलीत, आत धातूची पट्टी घातली. तीन महिने काम बंद. बोटं पूर्वीसारखी चालतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. वायरमनची बोटं! डॉक्टरांना त्याने सांगितलं, शिडीवरून पडलो.

“बघा,” मी म्हटलं, “मन खातंय त्याला.” हे जेवले नाहीत. म्हणाले, “त्याने कुणाचंच नाव घेतलं नाही. तुझंही नाही, तिचंही नाही.” तिचं नाव कशाला घेईल? विचारलं, तर उठून बाहेर गेले.

१० जून

चिंगीला हॉस्पिटलमध्ये जायचंय! मी दाराला कुलूप लावलं. “पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. मारखाऊपणाची सवय लागली काय?”

तिने बिस्किटांची बरणी उचलली आणि फेकली. माझ्या कानाजवळून गेली, भिंतीवर फुटली. मग दुसरी. मग ट्रे, एकामागून एक. चेहरा ओळखू येत नव्हता. ह्यांनी मागून कवटाळलं तेव्हा कुठे थांबली. ह्यांना ते बरोबर जमलं — कोपर कुठे धरायचे, डोकं कुठे वळवायचं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

बिचारी. मार खाऊन खाऊन बाई अशीच होते. त्याचं दुसरं मनगटही मोडायला हवं होतं.

१२ जून

फळ धरलं. मुठीएवढं झालं. बाकीची सगळी खुडून टाकली.

१३ जून

सकाळी पाव भट्टीत असताना चिंगी समोर येऊन उभी राहिली. पाठ केल्यासारखं बोलली.

“आई, त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. मी उचलते. गालाला लागलं, कारण ते मला आवरत होते आणि मी हिसका मारून दारावर आदळले. ओठ फुटला तो मीच फेकलेला डबा भिंतीवर आपटून उलटा आला म्हणून. त्यांच्या मानेवर माझी नखं आहेत. मी त्यांना घाबरून इथे आले नव्हते. मला माझीच भीती वाटली.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?” मी ओरडले. माझा हात वर गेला.

ती मागे सरली नाही. डोळे घट्ट मिटून गाल पुढे केला. पाच वर्षांची असताना करायची तसाच.

मी हात खाली घेतला. तिने बराच वेळ डोळे उघडले नाहीत.