प्याल्यानंतरचे बोलणे माझे समजू नये

लिहून ठेवणार मी, सगुणा, वडील कैलासवासी रामराव नजन, वय बावीस, बी. ए., धंदा शिक्षिका, राहणार मौजे बोरवाडी, वडीगोद्रीजवळ, तालुका अंबड. आज दुपारी आमच्या ओसरीत बसून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी जेवले आहे, रात्री झोपले आहे, अंगात ताप नाही आणि पोटात अंमल चढवणारे काही नाही. मन ठिकाणावर असल्याचे मृत्युपत्रात सगळेच लिहितात. मला ते आज लिहिणे भाग आहे, कारण परवा पौर्णिमेला ते ठिकाणावर ठेवले जाणार नाही.

माळावरच्या माळाई देवीचा मान आमच्या घराकडे आहे. चैत्री पौर्णिमेला घरातील एका बाईने काळ्या धोत्र्याच्या बियांचा प्याला घ्यायचा, आणि मग ती जे बरळेल ते आईचे बोलणे म्हणून गावाने पाळायचे. इतकी वर्षे माझी आत्या तुळजाबाई बसली. मागच्या साली तिचा अंमल लवकर उतरलाच नाही. तेव्हापासून तिला उजेड सोसत नाही, आणि बोलता बोलता ती मध्येच गप्प होते. यंदा माझे नाव ठरले. मी नकार दिला तेव्हा चुलते कारभारी म्हणाले, "सगुणे, शिकलीस, पगार घेतीस, चांगलं हाय. पर आईचा प्याला रिकामा ऱ्हात न्हाई. तू न्हाई तर गोजर." गोजर माझी धाकटी बहीण. ती अकरा वर्षांची आहे.

काका लोभी नाहीत, हे इथे लिहिले पाहिजे. ज्या साली प्याला झाला नाही त्या साली गावात पटकी आली आणि त्यांची दोन मुले गेली. ते मनापासून घाबरतात.

कलम पहिले. विहिरीकडचे शेत, जे वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिले, ते माझ्या मागे गोजरचे. ती सज्ञान होईपर्यंत आबारावांनी ते पाहावे. आबाराव वडिलांचे स्नेही. अंबडच्या अदालतीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. गोजरने त्यांच्या घरी राहून शिकावे. मला हैदराबादला पाठवायला वडिलांनी मेंढरे विकली, तेव्हा पारावर लोक म्हणाले, "रामराव, मेंढरं तर इकली. आता लोकर कुणाची कातरशील?" वडील म्हणाले, "तुमची हायेच की!" त्या शेताचे उत्पन्न गोजरच्या शाळेखेरीज कशावरही खर्चू नये.

कलम दुसरे. माझ्या जन्मदात्या आईचे हातातले चांदीचे गोठ नंदाबाईला द्यावेत. नंदाबाई शेजारच्या कचरूची बायको आणि आत्याची जिवाची मैत्रीण. गावात तापाने मुले दगावली त्या साली काकांनी प्याला घेतलेल्या आत्याला विचारले, "आई, हे कुणाचं करणं हाय?" आत्या दाराकडे बघून म्हणाली, "नंदे, आत ये गं. उन्हात नगं उभी राहू." दारात कुणी नव्हते. आत्या मैत्रिणीला सावलीत बोलावत होती. लोकांनी फक्त नाव उचलले आणि करणी तिच्यावर ढकलली. कचरूने त्याच आठवड्यात बायकोला परतूरला भावाकडे सोडले, ती अजून तिथेच आहे. गोठ भरपाई म्हणून नाहीत. आमच्या घरातून तिच्याकडे काहीतरी जावे, एवढेच.

कलम तिसरे. माझ्या मागे कुणी रागाने देवळामागची धोत्र्याची झाडे उपटू नयेत. वडिलांच्या दम्याला आत्या त्याच पानांची धुरी देई आणि ते रात्रभर झोपत. तेल लावून शेकलेले पान सुजल्या गुडघ्यावर बांधायला अजून लोक येतात. झाडाचा काही दोष नाही. आई बोलते की नाही, हे मला ठाऊक नाही. मी तिच्या पायरीवर डोके टेकवत वाढले आणि आजही टेकवते.

कलम चौथे. प्याला पोटात गेल्यावर मी जमिनीविषयी, कुणाच्या लग्नाविषयी, आजाराविषयी जे बोलेन, किंवा कुणाचे नाव घेईन, ते माझे समजू नये. आईचेही समजू नये. त्याने हे मृत्युपत्र बदलत नाही.

कलम पाचवे. या कलमावर मी काट मारली आहे, पण ते वाचता येईल असे ठेवले आहे. "आईचा प्याला बंद करा, हे शब्द माझ्या तोंडून निघाले तर मात्र ते पाळावेत." पंच म्हणाले होते की प्याला बंद करायचा तर आईच्याच तोंडून तसे आले पाहिजे. म्हणून महिनाभर जात्यावर बसून मी तेच शब्द घोकत होते, म्हणजे शुद्ध हरपली तरी जीभ तेच बोलेल.

आज गाडी घेऊन आलेल्या आबारावांनी इथवरचा कागद वाचला आणि चष्मा काढला. "बाई, तुझं चौथं कलम पाचव्याशी भांडून राह्यलंय. एक म्हणतं हिचं ऐकू नका, दुसरं म्हणतं ऐका. अदालतीत हे बराबर कसं चालंल?"

मी म्हटले, "पाचवं चाललं तर गोजर सुटते."

"अन् तुझ्या तोंडातून गोजरचंच नाव निघालं, मंग?"

मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "निघंल. जवळच्याचंच निघतं. मला काय बी आठवत न्हाई, पर नंदीबिगर मी हाक मारनार तरी कुणाला व्हते?"

तेव्हा मी काट मारली. आईच्या नावाने खोटे बोलून जे थांबेल ते पुढच्या साली आईच्याच नावाने सुरू होईल, हेही मला घोकतानाच कळायला हवे होते.

कलम सहावे. म्हणून मी प्याला घेणार नाही. पौर्णिमेला मी देवळात पायरीवर बसेन, आणि जे बोलायचे ते शुद्धीत, माझ्या स्वतःच्या नावाने बोलेन. गोजर आज दिवस मावळायच्या आत आबारावांच्या गाडीतून अंबडला जाईल. कुणी जबरदस्तीने मला पाजले तर चौथे कलम लागू आहे, आणि त्यात माझा जीव गेला तर वरची सर्व. मला भीती वाटते. गाव वाळीत टाकील याची वाटते, आणि काका म्हणतात तसे खरेच काही झाले तर, याचीही वाटते. तरी हे लिहिते आहे.

हे मृत्युपत्र मी कुणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहिले.

मुक्काम बोरवाडी. चैत्र शुद्ध त्रयोदशी, शके १८६८, फसली सन १३५५.

सही: सगुणा रामराव नजन

साक्षीदार:

१. आबाराव, अर्ज लिहिणार, अंबड. समक्ष वाचले, समक्ष सही झाली.

२. तुळजाबाई, आत्या. डाव्या अंगठ्याची निशाणी. कागद वाचून दाखवला. त्यांनी दुसरे कलम पुन्हा वाचायला सांगितले, मग अंगठा दिला.

३. कारभारी, चुलते. काका, गोजरची गाडी निघण्याआधी मी हे तुम्हाला स्वतः वाचून दाखवणार आहे. तुमची जागा मोकळी ठेवली आहे.

सही: