मोरीसानांचे अधिकार काढले

मंगळवार, संध्याकाळ, ओजिमा

आज मोरीसानांचे अ‍ॅडमिनचे अधिकार मी काढून घेतले. तोयोसूच्या या जपानी ऑफिसात मला सगळं काम शिकवलं ते त्यांनीच. हल्ली ते फार विसरतात. गेल्या आठवड्यात चालू सर्व्हरच पुसून बसले. साहेब म्हणाले, "कुलकर्णीसान, तुम्हीच करा." केलं. आधी त्यांना सांगायला हवं होतं ना? धीरच झाला नाही.

दुपारी त्यांच्या स्क्रीनवर 'परवानगी नाही' आलं. माझ्यापाशी येऊन, वाकून म्हणाले, "माझंच काही चुकलं असेल. जरा बघता का?"

माझंच म्हणे! मी खरं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंत. मलाच माझी भीती वाटायची."

खिशातली वही काढून त्यांनी अधिकार काढल्याचं लिहून घेतलं, उद्या पुन्हा विचारायला येऊ नये म्हणून.