नर्मदाकाकूंच्या वांग्यांत सोडलेले कृमी

८ नोव्हेंबर १९९३, सोम.
दिवसभर मानपाड्याच्या लॅबमध्ये. मेणकिड्याच्या पन्नास अळ्यांवर सूत्रकृमी, म्हणजे किडीच्या अळ्या मारणारे बारीक जंत, सोडलेले. बहुतेक अळ्या विटकरी लाल होऊन मेल्या, वास नाही. म्हणजे आत कृमी वाढतायत. पाच-सहा सडून काळ्या पडल्या, फेकल्या. ती घाण अजून नाकात. हे म्हणाले, "अगं, जेवताना तरी अळ्या नकोत."

१८ नोव्हें., गुरु.
मेलेल्या अळ्यांतून कृमी पाण्यात उतरले. बाटल्या भरून फ्रिजमध्ये. जागा नव्हती, ट्रे मागे ढकलला.

२१ नोव्हें., रवि.
खाडीकाठी नर्मदाकाकूंकडे. मासे विकतात, घरामागे वांगी लावलीत. मुळं कुरतडणाऱ्या अळ्यांनी बरीच रोपं आडवी केलीयत. विषारी पावडर टाकायला त्या तयार नाहीत, खाडीत उतरते म्हणून.
"यो किडा किड्यालाच खातो ना बाय? माज्या कोलंबीला नाय?"
नाही म्हटलं. कृमींची बाटली मुळाशी ओतली. माती ओली ठेवा, रोज पाणी घाला, असं बजावून आले.

२ डिसें., गुरु.
त्याच ट्रेमधल्या उरलेल्या बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. सगळे सुईसारखे ताठ. एकही हलत नाही. ट्रे बर्फाच्या कप्प्याला चिकटलेला, गोठून मेले. मीच ठेवलेला. काकूंना देताना थेंब बघितलाच नाही, घाईत...

३ डिसें., शुक्र.
लॅबच्या मालकांना, सरांना सांगितलं. "असतील काही जिवंत. अहवालात 'निकाल प्रतीक्षेत' लिहा. त्या बाईंकडे आता जाऊ नका."
लिहिलं.

५ डिसें., रवि.
राहवेना. गेले. काकू अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. सगळं सांगितलं, चूक माझी हेही. त्यांचा हात थांबला.
"मंग मी चौदा दिस विहिरीवरना हंडं कशाला आनलं?"
वर न बघता म्हणाल्या, "जा आता."
कुंपणापाशी पोचले तेव्हा मागून हाक. "दुसरं आनशील तं आदी मना दाव. जित्तं."

१९ डिसें., रवि.
नवे कृमी तयार. सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून पिशवीतून नेला. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. अंगणातल्या स्टुलावर ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला. काकू एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या. शेजारणीलाही बोलावलं. "वलवलतान बग!"
मग ओतलं. रोपं मात्र आता थोडीच उरलीत.

२० डिसें., सोम.
सरांची चिठ्ठी. सूक्ष्मदर्शक परस्पर का नेला, उद्या लेखी कारण द्या. हे म्हणतात माफी माग आणि मोकळी हो, नोकरी जाईल.
ज्या काकूंची माफी मागायची होती त्यांची मागितली. सरांना काय लिहू? तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढंच आलंय: "मागच्या बाटलीतले कृमी मेलेले होते, हे मी त्या बाईंना सांगितलं आहे."
खाली सही करायची की हाही कागद फाडायचा...