पाळण्याच्या रांगेत

घरच्या मालकांस, पायांवर डोके ठेवून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहे. तुम्ही दोन्ही वेळा नीट जेवता ना?

रविवारी जावई आम्हाला थीम पार्कात घेऊन गेले. खाऊ-पाणी मी घरूनच नेले. मोठ्या पाळण्याची रांग हलेना, नातू रडकुंडीला आला. मग त्याला आपल्या लेकीच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. साखर चोरून खायची आणि नाव तुमचे सांगायची, हे ऐकून तो खदखदून हसला. ती देवाघरी गेल्यापासून पहिल्यांदाच. जावई तोंड फिरवून उभे राहिले.

आमचा नंबर आला, तर हा पाळण्यात बसेना. म्हणाला, "आजी, परत मागे जाऊन उभं राहू या. आईचं अजून सांग."

पुन्हा शेवटी जाऊन उभे राहिलो.

माझ्याजवळचे आता संपत आले आहे. तुम्हाला तिचे जे आठवेल ते लिहून पाठवा. पुरवून पुरवून सांगीन.

आपलीच,
सौ.